हजार मीटर डोंगराखालचा बोगदा टिकतो कसा?

प्रश्न विचारणारा विद्यार्थी नागपुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खोल बोगद्यावर हजार मीटर डोंगराचं वजन येत असेल, तर अर्ध्या मीटरचं काँक्रीटचं अस्तर ते पेलतं कसं? खडकातला स्ट्रेस नेमका येतो कुठून? आणि तो आधी मोजता येतो, की सगळं अंदाजानंच चालतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अस्तर ते वजन पेलतच नाही. पेलणं त्याला शक्यही नाही, आणि हे दोन मिनिटांत कागदावर मांडता येतं. खडकाची घनता घनमीटरला साधारण 2.7 टन धरली, तर हजार मीटर खोलीवर उभा दाब सुमारे 27 मेगापास्कल होतो. म्हणजे आपल्या नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर 270 किलो, सिमेंटच्या पाचाहून जास्त गोण्या. आता 10 मीटर व्यासाचा बोगदा आणि अर्धा मीटर अस्तर घ्या. हा सगळा दाब अस्तरावर आला असता, तर काँक्रीटमध्ये 270 मेगापास्कलच्या आसपास दाब उभा राहिला असता. एम-40 काँक्रीट 40 ला फुटतं. उलट बाजूनं हिशेब केला, तर असं अस्तर जास्तीत जास्त 4 मेगापास्कलच्या आसपास बाहेरचा दाब सोसेल. रॉक बोल्टचं, म्हणजे खडकात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळईचं, तर आणखी कमी. प्रत्येक चौरस मीटरला 20 टन क्षमतेचा एक बोल्ट मारला, तर त्याचा आधार होतो 0.2 मेगापास्कल. 27 पुढे 0.2. तरीही बोगदे उभे आहेत, कारण डोंगर डोंगरच पेलतो. आपण त्याला भोक पाडतो, तेव्हा त्या भोकातून जाणारा भार आजूबाजूच्या खडकाला वाटून घ्यावा लागतो. तो शेजारचा खडक हा वाढीव वाटा सोसू शकतो का, एवढाच खरा प्रश्न आहे.

माझी नोकरी नागपूरच्या आसपासच्या भूमिगत खाणींत गेली. आधी कोळसा, मग काही वर्षं मँगनीज, आणि शेवटी हिमालयातल्या जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांवर सल्लागाराचं काम. इतक्या वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसली. चांगले शिकलेले इंजिनीअरसुद्धा 'वरून किती वजन आहे' एवढंच बघतात. 'बाजूनं किती रेटा आहे' हे कोणी विचारत नाही. खोल कामातले निम्मे घोळ इथून सुरू होतात.

शब्दाबद्दल एक सांगून ठेवतो. मराठीत स्ट्रेसला आपण 'ताण' म्हणतो आणि तिथूनच डोक्यात चुकीचं चित्र बसतं. ताणलं म्हणजे ओढलं. जमिनीखालचा खडक ओढलेला नसतो, सगळीकडून दाबलेला असतो. ओढ त्याला सहनच होत नाही, दाब मात्र तो भरपूर सोसतो. पाठ्यपुस्तकात 'प्रतिबल' आहे, पण खाणीत तो शब्द मी एकदाही ऐकला नाही. तिथं सगळे 'दाब' म्हणतात, म्हणून मीही दाबच म्हणतो.

आता हा दाब येतो कुठून. उभा दाब समजायला सोपा आहे, वरच्या खडकाचं वजन. आडवा दाब फसवतो. उभ्यानं दाबलेला खडक बाजूंना फुगू पाहतो आणि शेजारचा खडक त्याला फुगू देत नाही, म्हणून बाजूचा दाब तयार होतो. एवढंच कारण असतं, तर आडवा दाब उभ्याच्या साधारण एक तृतीयांश भरला असता. पण प्रत्यक्ष मोजलं की आकडे वेगळेच येतात. हुक आणि ब्राउन या खडक-अभियंत्यांनी 1978 मध्ये जगभरची मोजमापं एकत्र केली. त्यावरून 500 मीटर खोलीवर आडवा दाब उभ्याच्या निम्म्यापासून साडेतीन पटीपर्यंत कुठंही असू शकतो. हजार मीटरवर ही मर्यादा 0.4 ते 2 पट अशी आवळते. खोल जावं तशी आणखी आवळते. म्हणजे उथळ आणि मध्यम खोलीवर बाजूचा रेटा वरच्या वजनावर सहज मात करतो.

हा रेटा येतो भूपट्टांतून. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाला धडकतो आहे आणि त्या धडकेचा दाब पाठीमागच्या साऱ्या द्वीपकल्पात साठून राहिला आहे. 'आपल्या भागात कसला रेटा, इथला खडक तर पुरातन आणि स्थिर' असं नागपुरात अनेकजण म्हणतात. त्यांना मी 22 मे 1997 चा दिवस आठवून देतो, जबलपूरचा भूकंप. त्याआधी 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारी. हा साठलेला रेटा कधीतरी असा मोकळा होतो. दुसरं कारण झिजेचं. कोट्यवधी वर्षांत वरचा खडक झिजून वाहून गेला की उभं वजन घटतं. आडवा दाब मात्र खडकात अडकून राहतो, त्या प्रमाणात घटत नाही.

भोक पाडल्यावर काय होतं, ते कन्हानच्या पुरात पुलाच्या खांबाकडे बघून कळतं. पाणी खांबातून जाऊ शकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना दाटी करून, वेग वाढवून जातं. दाबाचंही तसंच. पोकळीतून जाता येत नाही, म्हणून तो कडेनं वळतो आणि कडेला दाटतो. जर्मनीच्या कर्श यांनी 1898 मध्ये गोल भोकासाठी याचं गणित मांडलं आणि ते आजही आमच्या हाताशी असतं. आडवा आणि उभा दाब सारखा असेल, तर बोगद्याच्या कडेचा दाब मूळच्या दुप्पट होतो. बोगद्याच्या मध्यापासून दोन त्रिज्यांवर तो सव्वापट उरतो आणि तीन त्रिज्यांवर जेमतेम दहा-अकरा टक्के जास्त. म्हणजे सगळा खेळ बोगद्याभोवतीच्या एका व्यासाएवढ्या कड्यात चालतो.

आडवा दाब उभ्याच्या दुप्पट असेल, तर भिंतींवर उभ्या दाबाएवढाच दाब राहतो, पण छतात आणि तळात तो पाचपट होतो. आडवा दाब उभ्याच्या निम्मा असेल, तर भिंतींवर अडीचपट आणि छतात निम्माच. आडवा एक तृतीयांशाच्याही खाली गेला, तर छतात खरोखरच ओढ निर्माण होते. दाबाला पुरून उरणारा खडक अशा वेळी चिरा देतो. तेव्हा छत का तुटलं, भिंत का फुगली, हे बघताना आधी दाबाची दिशा शोधायची, खोली नंतर.

याचं सर्वांत ठळक उदाहरण कॅनडातलं आहे. मॅनिटोबा प्रांतात पिनावाजवळ ग्रॅनाइटमध्ये संशोधनासाठी भूमिगत प्रयोगशाळा खोदली होती. तिथं 420 मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचा गोल बोगदा सुरुंग न लावता, नुसती जवळजवळ भोकं पाडून काढला. उद्देश असा की स्फोटानं खडक दुखावला, ही सबब उरू नये. खडक उत्तम, जवळपास निर्दोष. 420 मीटरवर वरच्या वजनाचा दाब सुमारे 11 मेगापास्कल. पण आडवा दाब निघाला 60 च्या घरात. कर्शच्या गणितानं छतात आणि तळात 169. आणि तिथंच, छतात आणि तळात, ग्रॅनाइटचे पातळ पापुद्रे सुटत सुटत व्हीच्या आकाराच्या खाचा पडल्या. भिंती मात्र शाबूत. प्रयोगशाळेत त्या ग्रॅनाइटचा नमुना दोनशेच्या पुढे फुटत होता, तरी बोगद्यात तो त्याच्या बराच आधी सुटला. कठीण खडकात कडेचा दाब नमुन्याच्या ताकदीच्या चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला की पापुद्रे सुटायला लागतात, हा आडाखा अशाच निरीक्षणांतून आला. आमच्याकडे बालाघाटची भूमिगत मँगनीज खाण 350 मीटरच्या पुढे गेली आहे. म्हणजे 'चारशे मीटर म्हणजे काही खोल नाही' हे वाक्य किती सांभाळून बोलावं लागतं, बघा.

खडक कसा मोडतो हे त्याच्या जातीवर आहे. कठीण, ठिसूळ खडक ऊर्जा साठवतो आणि एकदम सोडतो. त्याला आम्ही रॉकबर्स्ट म्हणतो. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचा इतिहास या स्फोटांनी भरलेला आहे. 2001 मध्ये त्या बंद झाल्या. चीनमध्ये जिनपिंग-2 प्रकल्पाच्या बोगद्यांवर सर्वाधिक आच्छादन 2,525 मीटर. तिथं 28 नोव्हेंबर 2009 ला संगमरवरात झालेल्या रॉकबर्स्टनं सात माणसं गेली आणि अख्खं टनेल बोअरिंग मशीन गाडलं गेलं. मऊ खडकाची तऱ्हा उलट. तो फुटत नाही, सावकाश आत येतो. हिमालयातल्या फिलाइट आणि शेल या पातळ थरांच्या मऊ खडकांत मी स्टीलच्या कमानी वाकून अक्षरशः मुरडलेल्या पाहिल्या आहेत, आणि आवाज काहीही नाही. गोटहार्डच्या 57 किलोमीटर बोगद्यात सेद्रुन भागात असा खडक लागला. तिथल्या इंजिनीअरांनी त्याच्याशी झगडायचं सोडून बोगदाच जास्त मोठा खोदला, सरकत्या जोडांच्या कमानी बसवल्या आणि खडकाला अर्ध्या मीटरहून जास्त आत येऊ दिलं. मग तो थांबला. माझ्या मते आपल्या शास्त्रातला हा फार मोठा शहाणपणा आहे.

कमी दाबही धोक्याचाच असतो, हे लोकांना पटत नाही. उथळ बोगद्यात सांध्यांनी वेगळे झालेले दगड दाबानं धरून ठेवलेले नसतात, म्हणून ते पाचरीसारखे निसटून पडतात. थोडा दाब हा खडकाचा आधारच असतो.

आता आमच्या कोळशाची गोष्ट. जुनी आहे. नागपूरपासून लांब नसलेली एक भूमिगत खाण, खोली साधारण अडीचशे मीटर. कोळशात दोन दिशांनी गॅलऱ्या काढतात. उताराच्या दिशेनं जाते ती डिप, तिला आडवी ती लेव्हल. दोन्हींचं छत एकाच शेलचं, बोल्ट तेच, माणसंही तीच. डिपचं छत स्वच्छ राहायचं. लेव्हलमध्ये मात्र छताच्या एका कोपऱ्यात गटारीसारखी फट पडत जायची. शेलचे पातळ थर एकमेकांवर दाबले जाऊन मोडायचे आणि खाली पत्र्यासारख्या चकत्यांचा ढीग साचायचा. आम्ही आधी सुरुंगांना दोष दिला, मग बोल्ट चिकटवणाऱ्या रेझिनला, मग पाळीतल्या माणसांना. दोन महिने असेच गेले. तोवर एका पडझडीत एक टिंबरमन (छताला लाकडी टेकू लावणारा कामगार) जखमी झाला, त्याचं दुःख मला अजून आहे, कारण उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होतं.

ते दाखवलं आमच्या एका वयस्क सरदारानं, म्हणजे खाणीतल्या मुकादमानं. तो काठीनं छत वाजवत पुढं चालायचा. घट्ट छत ठणठणतं, सुटलेलं भदभदतं. लेव्हलमध्ये थांबून तो म्हणाला, "साहेब, डिपचं छत चूप आहे, लेव्हलचंच बोलून राहिलं. आन् रोज याच कोपऱ्यात." रोज याच कोपऱ्यात! माणसांची चूक असती, तर ती कुठंही दिसली असती. एकाच दिशेच्या गॅलरीत, एकाच कोपऱ्यात दिसते ती दाबाची सही. पुढं मोजमाप झालं, तेव्हा मोठा आडवा दाब लेव्हलला तिरकस छेदतो, असंच निघालं. गॅलरी मोठ्या आडव्या दाबाच्या दिशेत असली, तर तिला त्याचा त्रास कमी. आडवी किंवा तिरकस असली, तर छतात दाटी, आणि तिरकस असेल तर ती एका कोपऱ्यात. पुढच्या पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या पुढच्या भागात, आम्ही आराखडाच फिरवला. जास्त वर्षं वापरायच्या गॅलऱ्या दाबाच्या दिशेला जवळ आणल्या. ज्या आडव्या राहिल्या त्यांत कोपऱ्याला तिरपे बोल्ट दिले आणि बोल्टमधलं अंतर कमी केलं. एकही बोल्ट जास्त मजबूत केला नाही, दिशा बदलली.

कोळशाच्या खाणीत हा वाटा-पत्तीचा हिशेब पिलरवर, म्हणजे छत पेलायला सोडलेल्या कोळशाच्या खांबावर, फार स्वच्छ दिसतो. मध्यापासून मध्यापर्यंत 30 मीटर अंतर आणि 4.8 मीटर रुंद गॅलरी असेल, तर पिलर उरतो 25.2 मीटरचा. त्या पिलरला शेजारच्या गॅलऱ्यांवरचाही भार घ्यावा लागतो. 30 ला 25.2 नं भागून वर्ग केला, की 1.42 पट. 200 मीटर खोलीवर 5 मेगापास्कलचे 7.1 होतात. डिपिलरिंग, म्हणजे हे पिलरही काढून घेणं, सुरू झालं की गोफच्या (कोळसा काढून मोकळ्या सोडलेल्या जागेच्या) काठच्या पिलरवर यापेक्षा कितीतरी जास्त येतं, आणि तेव्हा कोळसा तडतडतो.

मग 0.2 मेगापास्कलचा बोल्ट करतो तरी काय? कळमना बाजारात तुरीच्या पोत्यांची थप्पी बघा. मोकळ्या तुरीच्या ढिगावर पाय दिला तर पाय आत जातो. तीच तूर पातळ तागाच्या पोत्यात भरली, की एकावर एक पोती रचता येतात. ताग भार उचलत नाही. दाणे बाजूला सरकू देत नाही, एवढंच करतो, आणि मग दाण्यांचं घर्षण भार उचलतं. बोगद्याच्या कडेचा खडक थोडाफार तुटलेला असतोच. बोल्ट, जाळी आणि शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) म्हणजे त्याचं पोतं. तुटलेले तुकडे एकमेकांत अडकून राहिले, की आतल्या खडकाला बाजूचा आधार मिळतो आणि बाजूचा आधार मिळालेल्या खडकाची ताकद त्या आधाराच्या तीन-चार पटीनं वाढते. आत जावं तसा हा आधार वाढत जातो. म्हणून पहिला तुकडा पडू न देणं महत्त्वाचं. तो पडला की मागचा मोकळा होतो.

वेळेचंही गणित आहे. बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या टोकाला, अजून न खोदलेला खडक अर्धा आधार देत असतो. शेवटी जेवढा खडक आत येणार, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग तोंडाशी पोचेपर्यंतच आलेला असतो. तोंड दोन व्यास पुढं गेलं, की बाकीचाही येऊन जातो. कडक आधार फार लवकर दिला तर त्यावर नको एवढा दाब येतो, फार उशिरा दिला तर खडक सुटून गेलेला असतो. रात्रपाळीत 'एक राउंड अजून मारू, बोल्ट सकाळी लावू' असं कोणी म्हणालं, तर त्याला थांबवा. खराब खडकात तो एक राउंडच, सुरुंगांची ती एक फेरीच, पुरते.

शेवटचा प्रश्न, मोजता येतो का. येतो. हायड्रोफ्रॅक्चरिंगमध्ये बोअरहोलचा साधारण मीटरभर तुकडा वर-खाली रबरी पॅकर फुगवून बंद करतात आणि त्यात पाणी दाबत जातात. एका क्षणी खडक चिरतो. पंप बंद केल्यावर ज्या दाबाला ती चीर मिटते, तो चिरेला काटकोनात असलेला, म्हणजे सर्वांत कमी, दाब. मग मऊ रबराचा पॅकर आत दाबून चिरेचा ठसा घेतात. बाहेर काढल्यावर त्या काळ्या रबरावर केसासारखी बारीक रेघ उमटलेली असते आणि त्या रेघेची दिशा म्हणजे मोठ्या आडव्या दाबाची दिशा. दुसरी पद्धत ओव्हरकोरिंगची. खडकाचा तुकडा भोवतीनं कापून मोकळा करायचा आणि तो किती उमलतो ते मोजायचं. प्रकल्पाच्या एकूण खर्चात हे काम नगण्य आहे, आणि तेच सर्वांत आधी वगळलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या हातात कधी निविदेचा मसुदा आला, तर मार्गरेषा पक्की होण्याआधी हे मोजमाप त्यात घाला. मार्गरेषा पक्की झाल्यावर दिशा कळून फारसा उपयोग नाही.

बाकीचं बोगदा स्वतः सांगतो. भिंतींत खुंट्या बसवून टेपनं रोज त्यांच्यातलं अंतर घ्या, छतात टेल-टेल (छत किती खाली आलं ते दाखवणारी खूण) लावा. अंतर रोज 4 मिलिमीटरनं, मग 2 नं, मग अर्ध्या मिलिमीटरनं कमी होत असेल, तर खडक बसतो आहे. ते अर्ध्यावरून परत 1 वर आणि मग 3 वर गेलं, तर माणसं आधी बाहेर काढा, कारण नंतर शोधा. आणि हे वाचन निदान पहिले सहा महिने स्वतःच्या हातानं घ्या. वहीतला आकडा आणि काठीखालचा आवाज एकाच वेळी बदलताना दिसला, की खडक वाचायला शिकलात असं समजा.